दगडाची उंची

रंजीता पुंगाटीनं लिहिलेल्या प्रोग्राममध्ये झाडं वाढत होती, पाणवठे आटत होते, वाटा बुजत होत्या. दगड मात्र पहिल्या दिवशी होते तेवढेच राहत होते. ही चूक तिला गडचिरोलीच्या कार्यालयात दिसली नाही. ती मरकागुड्याच्या ग्रामसभेत, सगळ्या गावासमोर, तिच्या आईला दिसली.

कार्यालय म्हणजे बसस्थानकामागच्या गल्लीतल्या दोन खोल्या. ज्या गावांना आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्या गावांचे नकाशे तिथे तयार होतात. गावानं जंगलात फिरून दाखवायचं, कार्यालयानं नकाशावर मांडायचं. मरकागुडा हे रंजीताचंच गाव, म्हणून ते काम तिच्याकडे आलं. सोबत वरोऱ्याचा हेमराज होता, वयानं आणि अनुभवानं मोठा.

नकाशावरच्या प्रत्येक गोष्टीला 'खूण' म्हणायचं असं दोघांनी ठरवलं होतं. खूण हा मूळ वर्ग, म्हणजे सगळ्यांचा साचा. खुणेला नाव असतं आणि जागा असते, एवढंच त्यात होतं. त्यातून पुढचे वर्ग निघाले: झाड, पाणवठा, वाट, दगड. मूळ वर्गात 'बदल' नावाची एक आज्ञा होती. नकाशावर कुठंही बोट ठेवलं की प्रोग्राम बोटाखालच्या खुणेला एवढंच सांगायचा, बदल. ती खूण झाड आहे की पाणवठा, हे तो विचारत नसे. कसं बदलायचं ते ज्याचं त्याला ठाऊक असे. झाड आपला घेर विचारी, मोह असेल तर यंदा फूल किती पडलं तेही विचारी. पाणवठा विचारी, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकलं. प्रत्येक वर्गानं आपलं 'बदल' स्वतः लिहून ठेवलेलं होतं. ज्यानं लिहिलं नाही, त्याला मूळ वर्गाचंच लागू व्हायचं: नाव आणि जागा.

दगडाचं लिहायचं राहिलं. राहिलं असंही नाही. त्यावर बोलणं झालं होतं.

"दगडाले काय लिहितं वो?" हेमराज म्हणाला होता. "झाड वाढते, पानी आटते. दगडाचं काय होते? एक वेळा उंची मोजली, झालं. नाव चुकलं तं नाव बदलवा, जागा चुकली तं जागा. खुणेचंच 'बदल' त्याले पुरते."

रंजीता हो म्हणाली. काम त्याच आठवड्यात द्यायचं होतं. आणि ती नुसता प्रोग्राम पाहत होती. त्यात दगड हा दगडच होता.

मरकागुड्यात तसं नाही. तिथं माणूस मेला की त्याच्या नावानं गावाबाहेरच्या वाटेवर दगड उभा करतात. जंगलातून दगड शोधून, खांद्यावर वाहून आणतात. मग पाहतात. दगड वाढला तर मेलेला माणूस समाधानानं गावात आला असं धरायचं, आणि त्याला पूर्वजांमध्ये बसवायचं. दगड खचला, तर तो अजून बाहेरच आहे. रंजीताच्या वडिलांचा, पत्रूचा दगड त्या रांगेत आहे. तो वाढला असं सगळ्यांनी मान्य केलं आणि पत्रूला बसवलं. त्याच्या शेजारी दिनेशचा दगड आहे. दिनेश म्हणजे रंजीताचा धाकटा भाऊ.

दिनेश नदीपलीकडे तेलंगणात मिरची तोडायला गेला होता. तिथं ताप आला, तो डोक्यात चढला, आणि शेतातल्या झोपडीत तो गेला. सोबतच्यांनी त्याला तिथंच पुरलं. प्रेत आणायला गाडी नव्हती, आणि उन्हात थांबताही येत नव्हतं. घरी त्याचा दुपट्टा आला आणि त्या जागेची मूठभर माती. आईनं, इतवारीनं, तेवढ्यावर दगड उभा करायला लावला. गावाचे भूमिया मुखरू पूजा-विधी पाहतात आणि पत्रूचे चुलतभाऊ लागतात. त्यांनी दगड उभा करू दिला, पण मनातलं बोलून दाखवलं. दुसऱ्याच्या भुईत मेलेला माणूस वाट विसरतो, हा दगड काही वाढायचा नाही.

त्या दिवसापासून इतवारी दर बाजाराच्या दिवशी जाता-येता दगडाजवळ उभी राहायची. उभा केला तेव्हा तो तिच्या कमरेला लागत होता. दोनेक वर्षांनी ती म्हणू लागली, वर आला. मुखरू म्हणाले, नाही आला. वाद ग्रामसभेत गेला. सभेनं ठरवलं की जंगलाचा सगळा हिशेब आता यंत्रात जातो आहे, तर हेही यंत्रातच पाहू. दिनेशचा दगड उभा केला त्याच वर्षी, पहिल्या फेरीत, रंजीतानं सगळे दगड पट्टीनं मोजून आकडे भरलेले होते. पुन्हा मोजायचं, नवा आकडा टाकायचा. वाढला असेल तर पुढच्या पंडुमाला, गावाच्या सणाला, दिनेशला बापाशेजारी बसवायचं.

सभा मोठ्या चिंचेखाली भरली. हेमराज होता म्हणून लोक आपली बोली सोडून मराठीत बोलत होते. रंजीतानं टॅबलेट पाटावर ठेवला आणि एकेकाला बोलावलं.

पहिल्यांदा एका म्हाताऱ्यानं त्याच्या मोहावर बोट ठेवलं. घेराचा रकाना उघडला. तो खूष झाला. पाणवठ्यावर ठेवलं तर महिने उघडले.

"एकच काम सांगते हे," हेमराज लोकांना समजावत होता. "बदल म्हनते फक्त. ज्याचं त्यानं ठरवायचं कसं बदलाचं ते."

"माह्या बायकोले बी लावून पाय ना हे," मागून कोणीतरी म्हणालं.

"तिचं 'बदल' तिनंच लिहून ठेवलं असन बाप्पा, तुह्या हातात काही नाई," हेमराज म्हणाला. लोक पोट धरून हसले.

मग इतवारी पुढं आली. तिला वाचता येत नव्हतं, पण वाट कुठं वळते आणि दगडांची रांग कुठं सुरू होते ते तिनं नकाशावर बरोबर ओळखलं. पत्रूपासून पुढचा, असं मोजून तिनं दिनेशवर बोट ठेवलं. नाव आलं, जागा आली. खाली उंचीचा आकडा फिकट अक्षरात आला.

"उंची कुठी?" तिनं विचारलं.

"हाय ना बाई. हे काय, लिहून हाय," हेमराज म्हणाला.

"मंग बदल."

हेमराजनं आकड्यावर बोट ठेवलं. काही झालं नाही. पुन्हा ठेवलं.

"हे बदलत नाई वो."

"काऊन?" मुखरूंनी विचारलं.

"दगड हाय ना तो भाऊ. दगड काऊन वाढन?"

तो सहज बोलला होता. त्याला गावाचं काही माहीत नव्हतं, रंजीतानं कधी सांगितलंच नव्हतं. चिंचेखालचं हसणं थांबलं. हेमराजला कळलं की काहीतरी चुकलं, काय ते कळलं नाही.

मुखरूंनी आवाज चढवला नाही. "पाय इतवारी," ते म्हणाले. "मी म्हनलो तं तुले राग येते. आता तुह्याच पोरीनं लिहून ठेवलं यंत्रात. दगड वाढत नाई म्हनून. अन् थे तं त्याची सख्खी बहीन."

इतवारीनं लेकीकडे पाहिलं. रागानं नाही. बाजारात ओळखीच्या माणसानं ओळख दिली नाही की माणूस जसं पाहतं, तसं.

"मी लिहिलं नाई तसं, यायो," रंजीता आईला म्हणाली. "लिहाचं राह्यलं."

"दिनेशचंच राह्यलं?"

"सगळ्याच दगडांचं."

"तुह्या बाबाचं बी?"

रंजीतानं मान डोलावली. लोक उठू लागले होते. ती उभी राहिली आणि मुखरूंना म्हणाली, "काकाजी, उद्या सकाळी मोजू. तोपर्यंत मी लिहिते."

ते काम मोठं नव्हतं, आणि हेच हेमराजला नंतर सर्वांत जास्त लागलं. घराच्या ओट्यावर बसून तिनं दगडाच्या वर्गात त्याचं स्वतःचं 'बदल' लिहिलं. उंची विचारायची, कोणी मोजली ते विचारायचं, जुना आकडा पुसायचा नाही, नव्याशेजारी ठेवायचा. बाकी प्रोग्रामला हात लावावा लागला नाही. नकाशा पूर्वीसारखाच 'बदल' म्हणणार होता, आणि दगडाला आता त्याचं उत्तर येणार होतं.

हेमराज शेजारी बसून पाहत होता. "सांगाचं ना मले," तो म्हणाला. "एवढंसं तं काम होतं."

"माह्याच डोक्यात आलं नाई, हेमराजभाऊ."

"तुह्या गावाचं हाय ना?"

"हो."

आई अंगणात धान पाखडत होती. रंजीतानं लक्ष देऊन पाहिलं तेव्हा तिला वाटलं, आई सूप पूर्वीपेक्षा खाली धरते आहे. तिनं तो विचार तिथंच सोडला.

सकाळी सगळं गाव वाटेवर जमलं. मुखरूंनी पत्रूच्या दगडावर मोहाची दारू शिंपडली, मग दिनेशच्या. आधी जुन्या रीतीनं मोजायचं, मग पट्टीनं, असं त्यांनी सांगितलं. जुनी रीत म्हणजे दगड उभा करताना जे माणूस शेजारी उभं होतं त्यानंच पुन्हा उभं राहायचं आणि दगड अंगाला कुठं लागतो ते लोकांनी पाहायचं.

इतवारीनं नवं लुगडं नेसलं होतं. ती दगडाला लागून उभी राहिली आणि हात बाजूला घेतला.

दगडाचं टोक तिच्या बरगडीला लागत होतं.

बायकांनी ते आधी पाहिलं. "कमरेले होता," एक म्हणाली. "मी स्वतः पायलं होतं, कमरेले होता." पुरुष पुढं सरकले. मुखरू जवळ आले, वाकून टोक पाहिलं, इतवारीची बरगडी पाहिली. दगड उभा केला त्या दिवशी इतवारीला शेजारी उभं करून त्यांनीच कमर म्हणून हाक दिली होती. त्यांनी डोक्याचा पटका काढला.

"चुकलो मी," ते म्हणाले. "आला पोरगा. लिहून टाक पोरी."

कोणीतरी ढोल आणायला पळालं. इतवारी दगडावर हात ठेवून उभी होती. तिला असं उभं राहिलेलं रंजीतानं दिनेश गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

रंजीतानं पट्टी लावली. खाली धरली, वर वाचली. पुन्हा लावली. मग दगडाच्या पायथ्याची पावसानं वाहून आलेली माती बोटांनी बाजूला केली आणि तिसऱ्यांदा लावली. माती काढूनही आकडा जुन्याएवढा भरत नव्हता. बोटभर कमी होता. दगड खचला होता.

ती आईच्या पाठीकडं पाहू लागली. लुगड्याखाली मणक्याचा बाक दिसत होता, मानेखालून सुरू होऊन मध्यावर गेलेला. हा बाक केव्हा आला? ती सणाला येत होती, दोन दिवस राहून जात होती. आई तेव्हा बसलेली असे, नाहीतर चुलीपाशी वाकलेली. सरळ उभी अशी पाहिलीच नव्हती.

हेमराजनं पट्टी वाचली होती. त्यानं टॅबलेट तिच्या हातात दिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "तुह्या हातात हाय. कोणी पायनार नाई."

ते खरं होतं. मुखरूंनाही आता पट्टीची गरज नव्हती. तिनं दिनेशच्या खुणेवर बोट ठेवलं. दगडानं उंची विचारली. रकाना उघडा होता.

"काय म्हनते पट्टी?" आईनं विचारलं.

"थांब, यायो."

"किती वाढला?"

इतवारीनं दगडावरचा हात काढला आणि लेकीचं मनगट धरून तिला लोकांपासून चार पावलं बाजूला, पत्रूच्या दगडापलीकडं नेलं.

"खोटं लिहू नोको," ती म्हणाली.

"काही लिहिलं नाई अजून."

"तुह्या तोंडावर दिसून राह्यलं मले. ऐक. तो आला नसन अन् आपन आला म्हनून बसवलं, तं कोनाले बसवलं आपन? भात कोनाले वाढू मी? तो तिकडं उपाशी राहीन, अन् इथी कोनीतरी दुसराच जेवन त्याच्या नावानं." तिला धाप लागली. "सांग आता."

"वाढला नाई, यायो. थोडा खचला."

"माह्या बरगडीले लागला ना पन. सगळ्यायनं पायलं."

रंजीता परत गेली आणि दिनेशच्या दगडाला लागून सरळ उभी राहिली. ती अंगानं आईवर गेली होती, उंचीही आईची पूर्वी होती तीच. लहानपणापासून लोक तसं म्हणत आले होते. दगडाचं टोक तिच्या कमरेला लागलं.

इतवारी जवळ आली. तिनं लेकीच्या कमरेवर, जिथं दगड लागत होता तिथं, हात ठेवला. मग तोच हात आपल्या बरगडीवर ठेवला. पुन्हा लेकीच्या कमरेवर. सगळ्या गावानं ते पाहिलं. ढोल आणला होता, तो कोणी वाजवला नाही.

"अस्सं," ती म्हणाली. "मीच खचली."

मुखरूंनी पटका पुन्हा बांधायला घेतला आणि अर्ध्यात सोडून दिला. "इतवारी," ते म्हणाले, "पट्टीचं काय घेऊन बसली? मी म्हनतो ना आला म्हनून. मी भूमिया हाय."

"नाई भाऊ. तुमी पयल्यांदा म्हनलात थेच खरं होतं." मग ती लेकीकडे वळली. "लिव."

रंजीतानं आकडा टाकला. कोणी मोजलं, तिथं स्वतःचं नाव टाकलं. जुन्या आकड्याशेजारी नवा उमटला, त्याच्याहून लहान. लोक एकेक करून निघाले. जाताना बायका इतवारीच्या खांद्याला हात लावत होत्या, दिनेशच्या दगडाला नाही.

हेमराज गाडीकडं गेला आणि तिथंच पाठमोरा थांबला.

इतवारी दोन दगडांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसली. एका बाजूला पत्रू, दुसऱ्या बाजूला दिनेश. ती बसली की दिनेशचा दगड तिच्या डोक्याच्या वर जात होता. तिनं पायथ्याची रंजीतानं बाजूला केलेली माती हातानं परत लोटली आणि थापटली.

"पुढच्या वर्षी मोजशीन?"

"मोजीन."

"तूच उभी राहजो. मी राह्यली तं लोकायले पुन्हा तसंच वाटन."

"हो."

मग ती टॅबलेटकडं वळली. नकाशा उघडाच होता. "हे सगळं हाय त्याच्यात? झाडं, पानी, सगळं?"

"सगळं."

"बाबा हाय, दिनेश हाय."

"हो."

"मी कुठी हाय?"

रंजीतानं नकाशाकडं पाहिलं. झाड होतं, पाणवठा होता, वाट होती, दगड होता. चालत्याबोलत्या माणसाचा वर्ग तिनं केला नव्हता. तशी गरज पडली नव्हती.

"तुह्यी खूण नाई त्याच्यात, यायो."

इतवारीनं दोन्ही दगडांमधल्या जागेवर हात फिरवला, अंथरूण सारखं करावं तसा.

"होईन," ती म्हणाली, आणि उठण्यासाठी लेकीकडं हात केला.